पंपाच्या दुरुस्तीनंतर आडाचे पाणी का पालटते?

‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ ही म्हण आपण सर्वजण दुसऱ्यास ऐकवितो. परंतु प्रत्यक्ष आडाच्या बाबतीत तिचा उपयोग करण्याचे आपणांस सहसा सुचत नाही. पंप काढला, नवा बसविला अथवा जुना दुरुस्त केला, आणि दुसऱ्या दिवशी नळास तांबडे, गढूळ किंवा काळसर पाणी आले, म्हणजे घरातील मंडळी एकदम आडासच दोष देऊ लागतात. कोणी म्हणतो झरा बिघडला, कोणी म्हणतो जमीन फिरली, कोणी नवीन बोअर घेण्याचा सल्ला देतो. पोहऱ्यात दिसते ते खरोखर आडात आहे की वाटेत कोठे मिसळले, हे मात्र कोणी पाहत नाही. हे पाहण्याची साधी रीत, आणि रंग निवळल्यावरही जे काम उरते ते, शेतकरी बंधुभगिनींपुढे मांडावे या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो. यातील निम्मे ज्ञान आम्हांस आमच्या स्वतःच्या चुकीने मिळालेले आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

आमच्या घरची हकीकत

आमच्या परसात ८ फूट व्यासाचा बांधीव आड आहे. काठावरील पंपाने त्याचे पाणी माळवदावरच्या टाकीत चढते व तेथून नळांस येते. एका वैशाखात पंप नादुरुस्त झाला. मिस्त्रींनी तो उतरविला, फूट व्हॉल्व्ह बदलला, जुन्या लोखंडी पाइपांचे सांधे पान्याने सोडवून पुन्हा आवळले व सायंकाळी पाणी चालू करून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईने तांब्या पुढे केला व म्हणाली, “मामंजी, हे पाणी पाहा, गेरू कालविल्यासारखे आले आहे.”

मिस्त्रींस बोलाविले. ते म्हणाले, “भाऊसाहेब, झरा तांबड्या मातीस लागला. आता या आडाचा भरवसा धरू नका, बोअर मारा.” आम्ही पैशाची जुळवाजुळवही करू लागलो होतो. परंतु आमचा सारा जन्म महसूल खात्याच्या कारकुनीत गेलेला. जागेवर पंचनामा झाल्यावाचून कागद पुढे सरकवू नये ही तेथील शिस्त अंगी मुरलेली. म्हणून बोअरवाल्यास बोलाविण्यापूर्वी दोर लावून आडातून एक पोहरा ओढला. ते पाणी स्वच्छ होते! म्हणजे पोहऱ्यात जे नव्हते ते नळास येत होते. दोष आडाचा नसून पाइपांचा होता. वर्षानुवर्षे आत धरलेला गंज पान्याच्या हिसक्यांनी सुटला होता. पाइपांचे दोन नग बदलले, टाकी धुतली, आणि नळाचे पाणी निवळले. एका पोहऱ्याने बोअरचा खर्च वाचविला. मात्र याच हकीकतीचा दुसरा भाग आहे व तो इतका सुखाचा नाही. तो पुढे यथास्थळी सांगू.

तीन बाटल्यांचा पंचनामा

रंग पालटलेला दिसताच पुढीलप्रमाणे करावे. रंगहीन काचेच्या बाटल्या स्वच्छ धुऊन घ्याव्या आणि प्रत्येकीवर चिठ्ठी लावावी.

पहिली बाटली आडाची : पंप चालू करण्यापूर्वी, स्वच्छ पोहऱ्याने, तळ न ढवळता भरावी.

दुसरी पंपाच्या तोंडाची : पाणी टाकीत जाण्यापूर्वी जेथे पाइप सोडविता येतो तेथे धरावी. हिचे दोन नमुने घ्यावे. एक पंप सुरू होताच, दुसरा पाव तासाने.

तिसरी घरातील नळाची : सकाळी पहिली तोटी उघडताच.

विंधन विहिरीत, म्हणजे बोअरमध्ये, पोहरा जात नाही. तेथे बोअरच्या तोंडाशी घेतलेले पहिले व पाव तासानंतरचे पाणी हाच पुरावा समजावा.

बाटल्या पांढऱ्या कापडापुढे ठेवून त्या वेळचा रंग, एक तासाने दिसणारा रंग व दुसऱ्या दिवशी सकाळचा रंग वहीत नोंदवावा. मधल्या काळात पाऊस झाला असल्यास तोही लिहावा. नंतर निकाल असा वाचावा. आडातील पाणी स्वच्छ व पंपाच्या तोंडाचे गढूळ, तर दोष पंप व पाइप यांत. अथवा पंपाचे तोंड तळाच्या गाळाजवळ आले आहे. पंपाच्या तोंडाचे स्वच्छ व नळाचे गढूळ, तर दोष टाकीत किंवा घरातील पाइपांत. तिन्ही बाटल्या सारख्याच रंगलेल्या, तर मात्र आडाकडे वळावे.

रंग काय सांगतो

१. मातीचा रंग. पाणी मातकट असून बाटलीच्या तळाशी काही तासांत थर बसतो. काम करताना गाळ ढवळला गेल्याची ही खूण असून ती सर्वांत सामान्य व बहुधा तात्पुरती असते. आपल्या महाराष्ट्राच्या पठारावर काळ्या पाषाणाचे थर एकावर एक रचलेले आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारस पुन्हा पुन्हा वाहून ते बनले. अशा दोन थरांच्या मध्ये कित्येक ठिकाणी विटकरी रंगाच्या चिकण मातीचा पट्टा सापडतो. घाटाच्या रस्त्यास कापलेल्या दरडीत तो सहज दिसतो. विहिरीत असा पट्टा उघडा असेल आणि पंपाने पाण्याची पातळी एकदम खाली ओढली, तर ती माती सुटून पाणी तांबडे होते. आमच्या मिस्त्रींचे अनुमान म्हणूनच अगदी निराधार नव्हते. ते पडताळलेले नव्हते इतकेच.

२. गंजाचा रंग. सकाळचे पहिले पाणी तांबूस-तपकिरी, त्यात जड कण, आणि दहा-पंधरा मिनिटांत पाणी स्वच्छ, असे असेल तर तो जुन्या लोखंडी पाइपांचा गंज समजावा. माती दोन बोटांत चोळली असता मऊ लागते. गंजाचे पापुद्रे खरखरीत लागून चुरतात.

३. मागाहून येणारा रंग. भरताना पाणी स्वच्छ, परंतु भांड्यात ठेवल्यावर पिवळे व मग तांबूस होते. हे जमिनीतील विरघळलेले लोह होय. खोल पाण्यात हवा नसते, तोवर लोह दिसत नाही. हवा लागताच त्याचा गंज बनतो. पंप पूर्वीपेक्षा खोल सोडल्यास असे पाणी प्रथमच वर येऊ शकते. रत्नागिरी व सिंधुदुर्गाकडील जांभा दगड लोहयुक्त आहे. तेथील बंधूंनी ही खूण विशेष ध्यानात ठेवावी. पाण्यातील लोह दर लिटरास ०.३ मिलिग्रॅमच्या वर गेले की धुतलेल्या कपड्यांवर डाग पडू लागतात. असे पाणी झारीसारख्या छिद्रांतून उंचावरून पाडून हवेशी खेळवावे, स्थिर होऊ द्यावे व वाळूच्या गाळणीतून काढावे, म्हणजे पुष्कळसे लोह मागे राहते.

४. काळा रंग. काळे कण बोटास काजळाप्रमाणे लागत असतील व ओढून ताणत असतील, तर पंपातील रबरी वॉशर झिजून येत आहे. कणांबरोबर कुजक्या अंड्याचा वास असेल, तर तळाशी पाला, दोर, लाकूड किंवा मेलेले जनावर कुजत आहे काय ते पाहावे. वास नसून भांड्यास काळे डाग पडत असतील, तर जमिनीतील मँगनीजचा संशय घेऊन पाणी प्रयोगशाळेत द्यावे.

५. दुधासारखा रंग. पेल्यातील पाणी तळाकडून वर निवळत गेले व एक-दोन मिनिटांत स्वच्छ झाले, तर ते केवळ हवेचे बुडबुडे होत. पंपाच्या ओढीच्या पाइपाचा सांधा सैल आहे, किंवा आडातील पाणी इतके उतरले आहे की पंप हवा ओढीत आहे. याच्या उलट, वरून खाली निवळत जाऊन तळाशी साका बसला, तर ती माती समजावी.

६. पाण्यावरील तवंग. काडीने तवंग मोडून पाहावा. तो काचेसारखा तुकडे होऊन फुटला व तुकडे तसेच राहिले, तर तो लोहावर वाढणाऱ्या सूक्ष्म जंतूंचा थर होय. पाइपांत शेंदरी बुळबुळीत साका हीही त्याचीच खूण. काडी काढताच तवंग पुन्हा जुळून आला व त्यावर इंद्रधनुष्याचे रंग दिसले, तर ते तेल होय. मोटारीतून तेल गळते आहे, अथवा काम करताना ग्रीस किंवा डिझेल आत पडले आहे. असे पाणी पिणे त्याच क्षणी बंद करावे. उकळल्याने तेल जात नाही.

गढूळपणावर उपाय

गाळ ढवळला गेल्याची खात्री झाल्यावर प्रथम टाकीकडे जाणारी चावी बंद करावी. हे न केल्यास गाळ टाकीत बसतो आणि आड निवळल्यावरही महिनाभर नळास येत राहतो. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र घरात असल्यास तेही सोडवून ठेवावे; नाही तर त्याची गाळणी दोन दिवसांत बुजते. पंपाचे पाणी बाहेर, झाडांच्या आळ्यांत किंवा पाटात सोडावे. परंतु पंप पूर्ण जोराने चालवू नये. चावी अर्धवट ठेवून थोडे पाणी काढावे, आडास विसावा द्यावा व पुन्हा काढावे. एका दमात आड उपसला तर झऱ्यांतून माती अधिकच सुटते.

दोन-तीन दिवस असे करूनही पाणी निवळले नाही, तर मिस्त्रींस तीन प्रश्न विचारावे. नवा पंप जुन्यापेक्षा अधिक अश्वशक्तीचा आहे काय? असल्यास आडाच्या आवकीपेक्षा उपसा जास्त होत आहे. पंपाचे तोंड पूर्वीपेक्षा खाली गेले आहे काय? आडात फूट व्हॉल्व्ह गाळापासून निदान दोन-तीन फूट वर असावा. बोअरमध्ये पंप तळापासून दहा-पंधरा फूट वर असणे बरे. आणि काम करताना आडाच्या बांधणीचा दगड किंवा बोअरच्या केसिंग पाइपाचा सांधा हलला आहे काय?

या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पाऊस देतो. पाऊस पडल्यावर काही तासांतच पाणी गढूळ होत असेल, तर जमिनीवरचे पाणी न गाळता थेट आत शिरत आहे. अंगणातील घाण, गोठ्यातील मूत्र, जवळचा शोषखड्डा या सर्वांचा अंश त्यात येतो. येथे उपसा करून काही साधत नाही. भेग बुजवावी, कठड्याभोवती निदान तीन फूट रुंदीचा सिमेंटचा ओटा बाहेरच्या उताराने करावा, आणि संडासाचा खड्डा आडापासून निदान ५० फूट दूर असावा.

रंग गेला, दोष राहिला

आता आमच्या हकीकतीचा दुसरा भाग. पाइप बदलल्यावर नळाचे पाणी स्फटिकासारखे आले. आम्ही सर्वांस पेला दाखवीत होतो. शेजारी आमच्या पोहऱ्याचे कौतुक करीत होते. चौथ्या दिवशी तीन वर्षांच्या नातीस जुलाब सुरू झाले, सायंकाळी घरातील आणखी दोघांस. मुलीचे डोळे खोल गेले, तेव्हा रात्री गाडी करून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. दोन दिवस सलाइन लावावे लागले. देवाच्या दयेने व डॉक्टरांच्या हातगुणाने ती उठली. तेथील डॉक्टरांनी पाणी तपासून घेण्यास सांगितले, आणि त्याच स्वच्छ पाण्यात विष्ठेतून येणारे जंतू आढळले.

ते कोठून आले याचा आम्ही दुसरा पंचनामा केला, आणि उत्तर आमच्या डोळ्यांपुढेच घडलेले होते. उतरविलेले पाइप व दोर दिवसभर गोठ्यापुढे पडले होते. ते न धुता आत सोडले. मिस्त्रींचा गडी शेणातून चालत येऊन त्याच पायांनी आडात उतरला. आणि पंप सुरू करताना त्यात प्रथम पाणी भरावे लागते, ते आम्हीच आमच्या हाताने गुरांच्या हौदातील बादलीने ओतले होते! गंज डोळ्यांस दिसला म्हणून आम्ही त्याच्यामागे लागलो. जो खरा शत्रू, तो दिसत नव्हता म्हणून त्यास आम्ही मोकळे सोडले. यास्तव आमचे सांगणे असे की, रंग पालटो अथवा न पालटो, पंपाचे कोणतेही काम झाल्यावर आडाचे निर्जंतुकीकरण केल्यावाचून ते पाणी पिऊ नये. तोवर पिण्याचे पाणी खळखळा उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळून घ्यावे. तुरटीने माती खाली बसते, जंतू मरत नाहीत, हेही विसरू नये.

टी.सी.एल. पावडरचा हिशेब

प्रथम पाणी निवळू द्यावे. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीतच खर्च होतो. मग आडातील पाणी मोजावे. व्यास फुटांत घेऊन त्यास व्यासाने गुणावे, मग पाण्याच्या खोलीने, व शेवटी २२ ने. म्हणजे अदमासे लिटर येतात. आमच्या आडाचा व्यास ८ फूट; पाणी १२ फूट असेल तेव्हा ८ × ८ × १२ × २२ = १६,८९६, म्हणजे सुमारे १७,००० लिटर. सहा इंची बोअरमध्ये पाण्याच्या दर फुटास सुमारे साडेपाच लिटर धरावे.

ताज्या पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. नित्याच्या शुद्धीकरणास दर १,००० लिटरास २.५ ग्रॅम पावडर सांगितलेली आहे. आमच्या आडास ती सुमारे ४३ ग्रॅम होईल. परंतु दुरुस्तीनंतर एकदा मोठी मात्रा द्यावी लागते. ती दर १,००० लिटरास १५० ग्रॅम, म्हणजे आमच्या आडास सुमारे अडीच किलो. २०० फूट पाणी असलेल्या सहा इंची बोअरमध्ये सुमारे १,१०० लिटर पाणी असते. त्यास १६५ ग्रॅम पुरते. उघडी राहून ओलसर झालेली पावडर निकामी होते. तीवर विसंबू नये.

पावडर प्लास्टिकच्या बादलीत किंवा पिंपात थोड्या पाण्याने कालवून मग पाणी वाढवावे. नाकातोंडास फडके बांधावे, वारा पाठीशी घ्यावा. दहा मिनिटांनी चुना तळाशी बसतो. वरील निवळ तेवढी काढून घ्यावी, साका आडात टाकू नये. निवळ पोहऱ्याने पाण्याखाली सोडून वरखाली हलवावी, म्हणजे सर्वत्र मिसळते; थोडी आडाच्या भिंतींवरही शिंपडावी. बोअर असल्यास निवळ ओतून, पंपाचे पाणी नळीने पुन्हा बोअरमध्येच काही वेळ फिरवावे. नंतर घरातील प्रत्येक तोटी क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडावी व बंद करावी. पाइप व टाकीही यात शुद्ध होतात. बारा तास कोणीही पाणी वापरू नये. पाण्यात लोह असल्यास या वेळी ते अधिकच तांबडे दिसेल. त्याने घाबरू नये.

बारा तासांनी ते तीव्र पाणी उपसून मोकळ्या जमिनीवर सोडावे. गुरांस पाजू नये, भाजीच्या वाफ्यात किंवा ओढ्यात सोडू नये. वास गेल्यावर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओ.टी. चाचणी करून घ्यावी. पुढे नित्याच्या मात्रेनंतर अर्ध्या तासाने दर लिटरास निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे.

क्लोरीनचा अंश पुरता गेल्यावर, सुमारे आठवड्याने, पाणी प्रयोगशाळेत द्यावे. जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक मिळते. ती विसळू नये, बुचाच्या आतील बाजूस बोट लावू नये व बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी. भारतीय मानक १०५०० याप्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठाजन्य जंतू एकही आढळता कामा नये. आमच्या पाण्याचा दुसरा दाखला असा निर्दोष आला, तेव्हाच आम्ही नातीस आडाचे पाणी दिले.

एक इशारा

पाणी का बिघडले हे पाहण्यासाठी एकट्याने आडात उतरू नये. विजेचा मुख्य खटका पाडून तो दुसऱ्या कोणी चालू करणार नाही अशी तजवीज करावी. आडात किंवा काठाशी इंजिन चालविले असल्यास त्याचा विषारी धूर आत साचतो. त्यास रंग नाही, वासही भरवशाचा नाही. दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायू कमी असल्याचे सांगते, परंतु या धुराचे विष ओळखीत नाही. दिवा जळत असतानाही माणूस मरू शकतो. आत कोणी कोसळल्यास त्यामागे दुसऱ्याने उडी घेऊ नये. एकामागून एक जीव अशाच रीतीने जातात.

आता आमच्या घरी पंप काढण्याचा दिवस ठरला की, पावडर अगोदर आणून ठेवतो, पाइप ताडपत्रीवर ठेवतो व धुऊनच आत सोडतो, आणि पंपात भरण्याचे पाणी पिण्याच्या हंड्यातून घेतो. यास फार तर एक सकाळ व थोडे पैसे लागतात. तेवढे आम्ही पहिल्या वेळी खर्चिले असते तर ती रात्र आमच्या वाट्यास आली नसती. वाचकांनी पोहऱ्याने आड पारखावा. परंतु पोहऱ्यातील पाणी स्वच्छ दिसले म्हणून तेवढ्यावर घरच्या लेकराच्या हाती पेला देऊ नये, एवढीच आमची विनंती आहे.